मदतनीस घेताना माझं काय चुकलं

कोच म्हणून मी विकते ते माझं लक्ष. समोरचा माणूस तासभर बोलतो, मी ऐकते, प्रश्न विचारते. त्या तासात माझ्या डोक्यात दुसरं काही नसावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. सल्ला मिळेल म्हणून लोक येतात, पण टिकतात ते या लक्षासाठी. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरीही बरीच वर्षं मी हेच लक्ष भलत्या कामांवर उधळलं, आणि पुढे ती कामं दुसऱ्याच्या हाती देताना त्याहून मोठी चूक केली. दोन्हींची किंमत माझ्यापेक्षा माझ्या क्लायंटनी जास्त मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआरमध्ये होते. तिथून बाहेर पडून पुण्यात घरूनच कोचिंग सुरू केलं. येणारे बहुतेक जण मधल्या फळीतले मॅनेजर. कुणाला बढती मिळालेली असते आणि कालपर्यंतचे मित्र आज हाताखाली आलेले असतात, कुणाला नोकरी बदलायची असते पण घरी बोलता येत नाही. नंतर अमेरिका, इंग्लंड, दुबईतले मराठी लोकही येऊ लागले. मराठीत मन मोकळं करता येतं, हे त्यांच्या दृष्टीनं मोठं होतं.

एका तासाच्या सेशनमागे निदान आणखी एका तासाचं काम असतं. वेळ ठरवायची, बदलायची, आठवण पाठवायची, झूमची लिंक द्यायची, बिल करायचं, पैसे आले का बघायचं, नाही आले तर अवघडत आठवण करून द्यायची. जीएसटी असेल तर सेवा दिल्यापासून ३० दिवसांत बिल निघायला हवं. कंपन्या फी देताना १० टक्के टीडीएस कापतात, तो आपल्या पॅनवर जमा झाला का हे तेव्हा फॉर्म २६ एएसमध्ये तपासावं लागे. हे सगळं मी एकटी करत होते. आपलं काम आपण करावं, उगाच माणसं ठेवून खर्च वाढवू नये, अशा घरात मी वाढले. नोकरीत असताना यातलं निम्मं काम करायला माझ्या हाताखाली दोघं होते. ते काय करतात हे तेव्हा मी कधी नीट पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या कामाला किती वेळ लागतो याचाही अंदाज नव्हता.

एक प्रसंग सविस्तर सांगते. न्यू जर्सीत राहणारे एक गृहस्थ माझे क्लायंट होते. मूल झोपल्यावर, रविवारी रात्री साडेआठला ते बोलायला बसत. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे सात वाजलेले असतात. माझ्या डायरीत दर सोमवारपुढे ‘सकाळी ७’ असं लिहिलेलं होतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात. त्यांचे साडेआठ म्हणजे आता आपले सकाळचे सहा. त्या सोमवारी पावणेसातला मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसले, तेव्हा फोनवर त्यांचे मेसेज पडलेले होते. पहिला सहा वाजून पाच मिनिटांचा, ‘ताई, जॉइन झालोय.’ शेवटचा साडेसहाचा, ‘मी आता झोपतो. उद्या सकाळीच उत्तर द्यायचंय, बघतो कसं ते.’

उत्तर द्यायचं होतं ते दुसऱ्या राज्यात बदलीसह मिळणाऱ्या बढतीबद्दल. महिनाभर आम्ही त्याच विषयाभोवती बोलत होतो आणि शेवटचं बोलणं त्या रात्री व्हायचं होतं. त्यांनी एकट्यानंच विचार करून होकार कळवला. आमचं बोलणं झालं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं का, हे सांगता येत नाही. पण ज्या रात्री माझी गरज होती त्या रात्री मी नव्हते, हे खरं. मी माफी मागितली तेव्हा ‘असू दे ताई, होतं असं’ म्हणाले. उरलेली सेशन्स त्यांनी पूर्ण केली आणि पुढचं पॅकेज घेतलं नाही.

त्यावर मी काय केलं? एका कागदावर अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, इंग्लंडमधली मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, असं लाल शाईनं लिहून तो टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. म्हणजे आधीच्या कामांत आणखी एका कामाची भर घातली. गूगल कॅलेंडरवर क्लायंटच्या गावची वेळ धरून नोंद केली असती तर माझ्याकडची वेळ आपोआप बदलली असती. पण तेवढं शिकून घ्यायला, बसवायला फुरसत कुठे होती? आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता येईल, हे तर मनातही आलं नाही.

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मेलला उत्तर द्यायला उशीर केला म्हणून गेलं. त्यांच्या एचआरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘तुमचं नाव चांगलं ऐकलं होतं. पण एका कोटेशनला इतका वेळ लागत असेल तर आमच्या वीस मॅनेजरांच्या वेळा तुम्ही कशा सांभाळणार?’ त्यांचं बरोबर होतं.

तिसरं नुकसान जास्त सलणारं होतं. आयसीएफ, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, ही १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिची पीसीसी ही पायरी गाठायला ५०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यातले ४५० तास मोबदला घेऊन केलेले आणि एकूण क्लायंट किमान २५ हवेत. तेवढं काम माझं केव्हाच झालं होतं. पण नोंदी? काही डायऱ्यांत, काही व्हॉट्सॲपवर, काही बँकेच्या पासबुकात. अर्ज भरायला बसले तेव्हा कुठलं सेशन झालं, कुठलं ऐनवेळी रद्द झालं, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. ज्या तासांची खात्री नव्हती ते मी सोडून दिले आणि अर्ज पुढे ढकलला. झालेलं काम नोंदीअभावी न झाल्यासारखं ठरलं.

एव्हाना ओळखीचे दोन-तीन कोच ‘व्हर्च्युअल असिस्टंट ठेव’ म्हणून मागे लागले होते. टिम फेरिस यांचं २००७ साली आलेलं ‘द फोर-आवर वर्कवीक’ हे पुस्तक मी वाचलं होतं. अमेरिकेतला माणूस आपली किरकोळ कामं इंटरनेटवरून भारतातल्या सहायकांकडे कशी सोपवतो, याचं त्यात रसभरीत वर्णन आहे. मी त्यातून एकच गोष्ट उचलली, स्वस्त पडतं. माझ्या तासाची फी आणि सहायकाचा तासाचा दर कागदावर मांडला, वजाबाकी केली आणि उरलेली सगळी रक्कम मला नफा वाटली. शिकवायला लागणारा वेळ, समजून घ्यायला लागणारा वेळ, चुका निस्तरायला लागणारा वेळ यातला कुठलाच आकडा त्या हिशेबात नव्हता. एका वेबसाइटवर सगळ्यात कमी दर सांगणारा मुलगा मी निवडला. दुसऱ्या शहरातला, कॉलेज करत करत हे काम करणारा. एकदा व्हिडिओ कॉलवर बोललो, मुलगा चुणचुणीत वाटला, झालं.

मेलचा पासवर्ड मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. ओटीपी माझ्या फोनवर यायचा, म्हणून भर सेशनमध्ये त्याचा मेसेज येई, ‘मॅडम, ओटीपी प्लीज.’ समोरचा माणूस वडिलांशी झालेल्या भांडणाबद्दल बोलत असताना मी टेबलाखाली सहा आकडे टाइप केले आहेत. क्लायंटनी ते पाहिलं असणार. कुणी बोललं नाही.

मग मी त्याला माझी गूगल शीट उघडून दिली. क्लायंटचं नाव, फोन, मेल, फी, सेशनची तारीख आणि शेवटचा रकाना ‘विषय’. सेशन संपलं की मी त्या रकान्यात दोन-चार शब्द लिहून ठेवायची. पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते आठवावं म्हणून, फक्त माझ्यासाठी. शीट देताना तो रकाना काढावा किंवा झाकावा, हे मला सुचलं नाही. आठवणीच्या मेलचा मसुदाही मीच लिहून दिला होता. त्याच्या विषयाच्या ओळीत ‘उद्याचं सेशन’, मग एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. त्या जागी ‘सकाळचं’ किंवा ‘संध्याकाळचं’ येईल असं माझ्या डोक्यात होतं. मसुद्यात मात्र तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यानं शीट पाहिली, ‘विषय’ नावाचा रकाना पाहिला आणि मेलच्या विषयाच्या जागी तो भरला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या बाई स्वतःच्या खिशातून फी भरून माझ्याकडे येत होत्या. ऑफिसात कुणालाही हे माहीत नव्हतं. एकदा घाईत त्यांनी मला ऑफिसच्या मेलवरून एक फाइल पाठवली होती आणि तोच पत्ता मी शीटमध्ये लिहून ठेवला होता. त्या दिवशी टीमच्या मीटिंगमध्ये त्यांची स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. कोपऱ्यात नव्या मेलची पट्टी उमटली. ‘उद्याचं सेशन – राजीनामा कधी द्यायचा.’

त्यांनी संध्याकाळी फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘मॅडम, माझ्या बॉसनं ती ओळ वाचली. मला अजून तीन महिने तिथे काढायचे होते, मुलाच्या ॲडमिशनपर्यंत. आता कसे काढायचे, ते मला सांगा.’ मी प्रश्न विचारून जगणारी बाई. त्या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला, असं त्यांच्याच मेसेजवरून कळलं. उरलेली फी मी परत केली. त्यांनी ती घेतली आणि आमचं बोलणं तिथेच संपलं.

त्याच रात्री मी त्या मुलाला काढून टाकलं. फोनवर त्याला मी निष्काळजी म्हटलं, बेजबाबदार म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, फॉर्मॅट तुम्हीच दिला होता ना?’ मी फोन ठेवला.

रागाचा भर ओसरल्यावर मी कागद काढून बसले. आयसीएफची आचारसंहिता प्रत्येक कोच मान्य करतो, मीही केली होती. क्लायंटच्या कामात आपल्याला मदत करणारी माणसं कोण, याची व्याख्या त्या संहितेत चक्क आहे. म्हणजे कोचकडे मदतनीस असणार हे गृहीत धरून ती लिहिलेली आहे आणि गुप्तता पाळायचं वचन कोचनं दिलेलं आहे. २०२३ सालच्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं म्हणणंही तेच. लोकांची माहिती ज्यानं गोळा केली, त्याच्या वतीनं ती दुसऱ्या कुणी हाताळली तरी जबाबदारी गोळा करणाऱ्याचीच, आणि दुसऱ्याकडे ते काम द्यायचं तर रीतसर करार करूनच द्यायचं. माझ्याकडे त्या मुलाशी झालेला करार नव्हता, एका कागदाचासुद्धा. त्या बाईंचा विश्वास मोडला तो मी. काही दिवसांनी मी त्या मुलाला तसं लिहून पाठवलं आणि त्या महिन्याचे राहिलेले पैसे दिले. त्याचं उत्तर आलं, ‘ओके मॅडम.’ त्यापेक्षा जास्त काही म्हणायला तो बांधील नव्हता.

त्यानंतर बराच काळ मी पुन्हा एकटीनं सगळं करू लागले. याला मी सावधपणा म्हणत होते, पण ती भीती होती.

सध्याची सहायिका आली ती माझ्या सीएंच्या ओळखीनं. तासगावजवळच्या गावात राहणारी, बी.कॉम. झालेली, सांगलीच्या एका सीएच्या ऑफिसात काही वर्षं काम केलेली. लग्नानंतर रोज सांगलीला जाणं जमेना, म्हणून घरून करता येईल असं काम शोधत होती. पहिल्या कॉलवर मी तिची मुलाखत घ्यायला बसले होते, पण प्रश्न जास्त तिनेच विचारले.

‘मॅडम, क्लायंटनं ऐनवेळी सेशन रद्द केलं तर पैसे घ्यायचे का?’

मी म्हटलं, ‘ते बघावं लागतं.’

‘कशावरून बघायचं?’

मला सांगता येईना. ज्यांच्याशी बोलायला मला संकोच वाटायचा त्यांना मी पैसे सोडत होते आणि जे स्वभावानं गरीब होते त्यांच्याकडून घेत होते. तिचा पुढचा प्रश्न, पैसे किती दिवस थकले की आठवण पाठवायची? त्याचंही तेच. नवीन माणसानं विचारणा केली तर किती वेळात उत्तर जायला हवं? सणाच्या आठवड्यात तुम्ही काम करता का? दुबईच्या माणसाला बिल रुपयांत द्यायचं की दिरहममध्ये? एकाही प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी धंदा करत होते आणि त्याचे नियम रोजच्या मनःस्थितीप्रमाणे बदलत होते. एकटीनं काम करताना ते कधी उघडं पडलं नाही. दुसऱ्या माणसाला सांगायची वेळ आली आणि पडलं. सहायकाचा मला झालेला पहिला फायदा हा, आणि तो तिनं कामाला हात लावण्याआधीच झाला.

पुढचे काही आठवडे आम्ही एक एक नियम लिहून काढला. २४ तास आधी कळवलं तर सेशन पुढे सरकवायचं, नंतर कळवलं तर फी लागेल, आजारपण आणि घरातलं दुःख याला अपवाद. हा अपवाद कोणाला लागू करायचा ते मी ठरवणार, ती नाही. वेळापत्रकासाठी मेलचा वेगळा पत्ता काढला. माझा स्वतःचा मेल ती उघडत नाही. कॅलेंडर तिला वाटून दिलं, पासवर्ड देण्याची गरजच नव्हती. जिथे पासवर्ड लागतोच तिथे तो पासवर्ड मॅनेजरमधून जातो आणि हवा तेव्हा बंद करता येतो. सेशनच्या नोंदी मी हातानं वहीत लिहिते, ती वही कपाटात असते. सहायिकेच्या शीटमध्ये नाव, वेळ, बिल आणि क्लायंटनं स्वतः निवडून दिलेला पत्ता एवढंच दिसतं. प्रत्येक नव्या क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगते की वेळ आणि बिल माझी सहायिका बघते, तुम्ही बोलता ते तिच्यापर्यंत जात नाही. एकदोघांनी ‘मला तुमच्याशीच थेट बोलायचंय’ असं सांगितलं. त्यांची वेळ मी स्वतः ठरवते.

इतकं करूनही मी पुन्हा चुकले. तिनं लिहिलेला प्रत्येक मेल मी जाण्याआधी वाचत होते. ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’ कर, स्वल्पविराम काढ, शेवटी ‘धन्यवाद’ घाल. रात्री अकराला मला काही आठवलं की तिला मेसेज जायचा, आणि ती उत्तर द्यायची. मला वाटायचं, किती तत्पर मुलगी. एकदा सकाळी तिचा फोन आला. ‘ताई, एक बोलू का? तुम्ही माझं काम दुसऱ्यांदा करताय. असंच करायचं असेल तर मला कशाला पैसे देता? आणि रात्री तुमचा मेसेज आला की सासूबाई विचारतात, एवढं कसलं काम आहे. मी महिनाअखेरीस काम सोडते.’

मॅनेजरांना मी जे प्रश्न विचारते त्यातला एक असा, ‘हे काम त्यानं तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं केलं तर नेमकं काय बिघडेल?’ तो मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तिला थांब म्हटलं. कामाची वेळ सकाळी दहा ते दोन ठरवली. त्याबाहेर मला काही सुचलं तर मी ते एका वहीत लिहून ठेवते आणि सकाळी दहाला पाठवते. मेल न वाचता जाऊ द्यायचा त्रास मला पहिले काही दिवस खरोखर झाला. काही बिघडलं नाही. तिची भाषा माझ्यापेक्षा साधी आहे आणि पैशांची आठवण ती माझ्यापेक्षा सहज करते, कारण तिला त्यात संकोच वाटत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास घरच्या द्राक्षबागेची फळछाटणी असते, तेव्हा ती वेळ बदलून पहाटे काम करते. पहिल्या वर्षी हे तिनं मला भीत भीत विचारलं होतं.

सीएच्या ऑफिसातल्या सवयीनं तिनं न सांगता माझा २६ एएस काढून बिलांशी ताडून पाहिला. एका कंपनीनं माझ्या फीमधून कर कापला होता, पण पॅन चुकीचा टाकल्यामुळे तो माझ्या नावावर दिसत नव्हता. तिनं त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचा पिच्छा पुरवून विवरणपत्र दुरुस्त करून घेतलं. आयसीएफसाठी लागणाऱ्या तासांची नोंद आता सेशन संपलं की त्याच दिवशी होते. पीसीसीचा अर्ज गेला आणि मंजूरही झाला.

हल्ली कुणी म्हणतं, हे सगळं ॲप करतं, एआय करतं, माणूस कशाला? वेळ ठरवणं, आठवण पाठवणं यासाठी आम्हीही ॲप वापरतो. पण एकदा ती म्हणाली, ‘ताई, ते दुबईचे सर गेले दोन महिने सारखी वेळ रात्री उशिराची मागतायत. पूर्वी सकाळची घ्यायचे. सगळं ठीक आहे ना?’ ते काय बोलतात हे तिला माहीत नव्हतं, माहीत असायचंही नव्हतं. तिला दिसत होत्या फक्त वेळा. पुढच्या सेशनला मी त्यांना सहज विचारलं, हल्ली झोप कशी आहे? त्या दिवशी ते पहिल्यांदा मोकळेपणी बोलले. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक चूक सांगायची आहे. ती शेवटची आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. एका क्लायंटचे वडील गेले. मी तेव्हा एका कंपनीच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत होते. सहायिकेला कळवलं, ‘त्यांना माझ्या नावानं सांत्वनाचा मेसेज पाठव.’ तिनं पाठवला. साधा, नेमका, मनापासून लिहिलेला. महिन्याभरानं त्या बाई सेशनला आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या त्या चार ओळी मी फोनमध्ये जपून ठेवल्यात. रात्री झोप लागत नाही तेव्हा वाचते.’

त्या ओळी काय होत्या हे मला माहीतही नव्हतं. एका क्षणात दोन वाटा समोर आल्या. मान हलवून पुढे जाता आलं असतं. मी सांगितलं की त्या ओळी माझ्या सहायिकेनं लिहिल्या, मी तिला फक्त निरोप दिला होता. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग तिला माझे आभार सांगा. आणि तुम्ही मला काय लिहिलं असतं, ते आता सांगा.’ तो सबंध तास आम्ही त्यांच्या वडिलांबद्दल बोललो. त्या आजही येतात. पण त्यांच्या नजरेत तेव्हा जे हललं ते मी पाहिलं आहे. क्लायंटच्या दुःखाचा, आनंदाचा, अपयशाचा मेसेज त्यानंतर मी कुणालाही लिहायला दिलेला नाही. उशीर झाला तर उशिरा लिहिते.

तासगावच्या सहायिकेला आता तासावर पैसे मिळत नाहीत. दरमहा ठरलेली रक्कम १ तारखेला तिच्या खात्यात जाते, माझी बिलं थकलेली असली तरी. लेखी करार आहे. त्यात गुप्ततेचं कलम आहे आणि तिच्या सुट्ट्यांचंही आहे. ती आणखी दोन कोचचं काम बघते. तिच्या चार तासांतले सगळे माझे नाहीत, हे मला माहीत असतं.

तुम्ही कोच असाल आणि सहायक शोधत असाल तर जाहिरात देण्याआधी एक काम करा. तुमची क्लायंटची यादी उघडा आणि तिच्यातला प्रत्येक रकाना त्या क्लायंटच्या बॉसनं वाचला तर काय होईल, याचा विचार करत एकदा शेवटपर्यंत वाचा.